घरच्या हातांची मजुरी

कॉफीच्या बिया आणून, भाजून, पिशवीत भरून विकण्याचा धंदा घरच्या माणसांच्या बळावर उभा करता येतो. मळ्यातून कच्च्या बिया मागवायच्या, लहान रोस्टरवर भाजायच्या, पाव किलोच्या पिशव्या भरायच्या आणि त्यांवर मळ्याचे नाव, वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख छापायची, एवढ्यावर सुरुवात होते. यंत्र आणि कच्चा माल यांत पैसा गुंततो, पण पगाराची यादी नसते, कारण राबणारे सगळे घरचेच. धंदा सुरू करू पाहणाऱ्यांना हीच या रचनेतली मोठी सोय वाटते. या कामात राहून माझे मत नेमके उलटे झाले आहे. घरच्या माणसांची मजुरी पहिल्या पिशवीपासून किमतीत धरली नाही, तर त्या पिशवीवरची किंमत खोटी असते. ती ग्राहकाची दिशाभूल करते, घरच्यांना थकवते आणि शेवटी, ज्याच्या नावाने आपण ती पिशवी विकतो त्या उत्पादकावरच तिचा भार पडतो. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेची भीती सगळे बोलून दाखवतात. पण वहीत न लिहिलेली मजुरी कुठल्याही स्पर्धकाआधी धंद्याला खाते.

असा धंदा करता येणे हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाच्या हाती देशातल्या कॉफीचा बाजार गेला. उत्पादकाने आपला माल बोर्डाच्या पूलमध्ये द्यायचा, तिथे तो इतरांच्या मालात मिसळायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. चांगली पिकवली काय आणि जेमतेम पिकवली काय, मळ्याचे नाव कपापर्यंत पोचण्याची सोयच नव्हती. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६पर्यंत उत्पादकाला आपला सगळा माल हवा त्याला विकण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच चिकमगळूर, कोडगू, वायनाड किंवा अराकूच्या खोऱ्यातला एखादा लॉट पुण्यातल्या, नाशिकमधल्या घरी थेट येऊ शकला. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मुख्यतः मेळघाटातल्या चिखलदऱ्याला आणि तीही थोडी. त्यामुळे मराठी घरातला रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारा, बहुधा दुसऱ्या राज्यातल्या मळ्यावर अवलंबून असतो. हे अंतर लक्षात ठेवावे लागते. ज्याचा माल आपण विकतो तो आपल्या डोळ्यांसमोर राबत नाही, म्हणून त्याचे कष्ट विसरणे सोपे जाते. घरच्यांचे कष्ट मात्र डोळ्यांसमोर असूनही विसरले जातात.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे नेमके काय, हे कष्टांच्या भाषेत समजून घेतले पाहिजे. चव पारखणाऱ्यांनी १०० पैकी ८० किंवा त्याहून अधिक गुण दिलेली कॉफी, ही तिची रूढ मोजपट्टी. कच्च्या मालाची कसोटीही कडक असते. ३५० ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळी, आंबलेली किंवा बुरशी आलेली एकही बी चालत नाही आणि किरकोळ दोष पाचांच्या पुढे जाऊ द्यायचे नसतात. भाजल्यानंतर आणखी एक चाळणी लागते. नीट न पिकलेल्या फळातली बी कच्ची असताना सहसा ओळखू येत नाही, पण भाजली की ती इतरांसारखा रंग धरत नाही. तपकिरी बियांच्या ताटात ती शेंगदाण्याच्या रंगाची, फिकट उठून दिसते. तिला क्वेकर म्हणतात. तिच्यात साखर कमी असते, म्हणून ती कपात कागदासारखी कोरडी, दाण्याच्या कुटासारखी लागते. पंधरा ग्रॅमच्या एका कपात अशा दोन-तीन बिया आल्या तरी चव बिघडते. मोठ्या कारखान्यात हे काम रंग ओळखणारे यंत्र करते. घरी ते ताट पुढ्यात घेऊन, चांगल्या उजेडात, दोन बोटांनी करावे लागते. सुकवणीत फळ न सोलता वाळवलेल्या लॉटमध्ये क्वेकर जास्त निघतात आणि एका किलोला बराच वेळ जातो. मग कपिंग, म्हणजे चव पारखणे. दर कपाला सव्वाआठ ग्रॅम पूड आणि १५० मिलिलिटर पाणी, एका नमुन्याचे पाच कप, चार मिनिटांनी वरची साय मोडायची आणि थंड होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाखायचे. पाचांतला एक कप वेगळा लागला तर कारण शोधायचे. पिशवीवर लिहिलेल्या चवीच्या चार शब्दांमागे एवढे काम असते आणि लहान धंद्यात ते जवळजवळ सगळे घरचेच लोक करतात.

आता हे काम पैशांत मांडू. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, कच्च्या बिया घरपोच ६०० रुपये किलोने मिळाल्या. भाजताना ओलावा उडून १५ टक्के वजन घटले, म्हणजे किलोचे ८५० ग्रॅम उरले. भाजलेल्या कॉफीचा किलोचा खर्च झाला ७०६ रुपये आणि पाव किलोच्या पिशवीत १७६ रुपयांची कॉफी गेली. झडप असलेली पिशवी, लेबल आणि खोका यांचे ३० रुपये, गॅस, वीज आणि निवडून टाकलेल्या बियांचे १५. एकूण २२१. पिशवी ४०० रुपयांना विकली, त्यातला ५ टक्के जीएसटी वजा जाता हाती आले ३८१. कुरिअरचे ५५ गेले. उरले १०५ रुपये. इथवर बहुतेक सगळे हिशोब करतात आणि समाधान मानतात. पण भाजणे, निवडणे, भरणे, पत्ता लिहिणे, पैसे आले का पाहणे, 'दळून पाठवा' म्हणणाऱ्याला उत्तर देणे आणि महिन्याचा जमाखर्च, हे सगळे मिळून त्या पिशवीच्या वाट्याला अर्धा तास येतो असे धरू. तासाला १२० रुपये मजुरी लावली, जी कुशल कामाला काही जास्त नाही, तर ६० रुपये होतात. आता उरले ४५. यातून यंत्राची झीज, जागेचे भाडे, कपिंगमध्ये संपलेला माल आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याज निघायचे आहे. तीच पिशवी दुकानात ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर आपल्या हाती २६७ येतात. कुरिअर वाचले तरी खर्च वजा जाता उरतात ४६. माल एकगठ्ठा जातो म्हणून वेळ वीस मिनिटे धरला, तरी मजुरीचे ४० जाऊन हाती सहा रुपये राहतात. मजुरी न धरणाऱ्याला वाटते, दुकानांतून विक्री वाढवली की धंदा वाढला. खरे तर वाढली असते ती फक्त पदरमोड.

या पदरमोडीचे खरे रूप मागणी वाढल्यावर कळते. घरातले हात मोजके असतात. रोजच्या पाच पिशव्या संध्याकाळच्या फावल्या वेळात होतात, पन्नास होत नाहीत. मग निवडायला आणि भरायला बाहेरचे माणूस ठेवावे लागते आणि त्याला पगार द्यावाच लागतो. ज्या किमतीत मजुरी कधी धरलेलीच नव्हती, त्या किमतीत तो पगार कुठून निघणार? इथे घरापुढे तीनच वाटा उरतात. किंमत एकदम वाढवावी, तर जुन्या ग्राहकाला आपण फसलो असे वाटते. निवडीत हात सैल सोडावा, तर पिशवीवर लिहिलेले खोटे ठरते. नाहीतर कच्चा माल स्वस्त शोधावा. तिसरी वाट सगळ्यांत कमी बोचते, कारण तिचा त्रास दूर डोंगरात कुणाला तरी होतो. एका हंगामात ज्याला 'दरवर्षी तुमच्याकडूनच घेऊ' म्हटले, त्याला पुढच्या हंगामात भाव पाडून मागितला जातो. माणसे लबाड असतात म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. सुरुवातीला किंमत ठरवतानाच एक रकाना कोरा राहिलेला असतो आणि पुढे तो कुणाच्या तरी खिशातून भरून काढावा लागतो.

उत्पादकाच्या बाजूनेही हाच प्रश्न आहे, म्हणून रोस्टरला तो टाळता येत नाही. भारतातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक दहा हेक्टरांच्या आतले आहेत. त्यांच्याकडे आपण पिकलेलेच फळ मागतो. एकाच झाडावरची फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणीच्या तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात आणि पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी निघते. एका फेरीत फांदी ओरबाडून काढण्यापेक्षा याला मजुरी कितीतरी जास्त पडते आणि लहान मळ्यात तिचा मोठा भाग घरचीच माणसे उचलतात. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९८० साली चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे राहिले, तेव्हापासून शरद जोशींनी आणि शेतकरी संघटनेने उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची मागणी लावून धरली. शेतीमालाचा खर्च काढताना सरकारी पद्धतीतही 'ए-२' म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च, त्यात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवले की 'ए-२ अधिक एफएल' आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याजही धरले की 'सी-२', अशी मोजणी होते. स्वामीनाथन आयोगाने खर्चावर ५० टक्के अधिक भावाची शिफारस केल्यापासून यातला कुठला खर्च धरायचा यावर आपल्याकडे चावडीवरही चर्चा होते. कॉफीला हमीभाव नाही, पण हिशोबाची ही रीत तिलाही लागू पडते. कांदा पिकवणाऱ्या घराच्या श्रमाचे मोल मागणारे आपण, स्वतःच्या घरात कॉफी निवडणाऱ्या हातांचे मोल शून्य धरतो, हे विसंगत आहे. रोस्टरच्या घरानेही आपला 'सी-२' काढावा. त्यात मजुरी धरावी, यंत्र ठेवलेल्या खोलीचे भाडे धरावे आणि मुदतठेव मोडून घातलेल्या पैशाचे व्याजही धरावे.

घरी केलेल्या कामाचे मोल ठरवता येत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने लिज्जत पापडाकडे पाहावे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर तो उद्योग सुरू केला. पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणायचे आणि लाटण्याची मजुरी घ्यायची, ही त्याची रीत. नफ्याची वाटणी वेगळी, मजुरी वेगळी. काम घराच्या ओट्यावर झाले, म्हणून ते घरकामात जमा झाले नाही. लिज्जत हे एका कुटुंबाचे घर नव्हे, त्याची रचना सहकाराची आहे, हा फरक मला मान्य आहे. पण घरात बसून, हाताने, किलोवर मोजता येणारे काम करणाऱ्या बाईला त्याच मापाने पैसे देता येतात आणि तरीही वस्तू बाजारात टिकते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते. निवडलेल्या कॉफीलाही किलोवारी दर लावता येतो.

यावर पहिला आक्षेप असा की सुरुवातीला तोशीस सोसल्याशिवाय कुठलाच धंदा उभा राहत नाही; पहिल्या वर्षी मजुरी काढायला पैसा असतो कुठे? हे खरे आहे आणि मजुरी रोख काढलीच पाहिजे असे माझे म्हणणेही नाही. ती लिहिली पाहिजे. महिन्याचे तास मांडावेत, दर लावावा आणि ती रक्कम धंद्याकडून घरच्या त्या माणसाचे येणे म्हणून त्याच्या नावे खतावणीत चढवावी. पैसा येईल तेव्हा फेडावी. त्याने दोन गोष्टी साधतात. पिशवीची किंमत पहिल्यापासून खऱ्या खर्चावर ठरते आणि सोसण्याला मुदत पडते. वर्षाअखेर त्या खात्यावरची रक्कम फुगतच गेली असेल, तर धंदा चालतो आहे की घर त्याला चालवते आहे, हे आकड्यांतूनच कळते. न लिहिलेल्या सोसण्याला मुदत नसते. ते तीन वर्षे चालते, पाच वर्षे चालते आणि मग एखाद्या दिवशी घरातले एक माणूस 'आता मला जमणार नाही' म्हणते. इतरांना ते अचानक वाटते, पण त्याचे कारण पहिल्या महिन्यापासून तयार झालेले असते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. आपल्याच माणसांत तास आणि दर लावायला लागलो तर घरपण कुठे राहील? मला वाटते, हिशोबाने घर तुटत नाही. कुणी किती केले याची प्रत्येकाच्या मनात वेगळी मोजणी चालू असते आणि ती कधी जुळत नाही, त्याने तुटते. शिवाय काम मोजले नाही की दिसणारे काम मोठे ठरते. यंत्रावर उभा राहून भाजणारा आणि ग्राहकांसमोर बोलणारा हा 'धंदा करणारा' ठरतो. ताट घेऊन क्वेकर वेचणारी, पिशव्यांवर तारखा मारणारी, कुरिअरवाल्याच्या वेळेसाठी घरी थांबणारी 'मदत करते'. आपल्या घरांत हे दुसऱ्या प्रकारचे काम बहुतेक वेळा बायकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या वाट्याला येते. कॉफीच्या गुणवत्तेच्या दृष्टीने मात्र दोन्ही कामे सारखीच मोलाची आहेत, कारण नीट भाजलेला लॉट वाईट निवडीने बिघडू शकतो. वहीतला रकाना हे मोल सर्वांसमोर आणतो. प्रेमापोटी कुणी जास्त केले तर जरूर करावे. ते किती केले हे माहीत असणे प्रेमाच्या आड येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आहे: मजुरी धरली की किंमत वाढेल आणि ग्राहक जाईल. बाजारात फिल्टर कॉफीची पूड बऱ्याच कमी भावात मिळते, हे खरे. पण तिच्यात चिकोरी असते, कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिची स्वतःची चव व स्वतःचा ग्राहक आहे. त्या पुडीशी भावात स्पर्धा करायची असेल तर स्पेशालिटीचा उद्योग करूच नये. आपल्या ग्राहकाचा हिशोब कपावर होतो. पंधरा ग्रॅमचा कप धरला तर पाव किलोत सोळा कप होतात. ४०० रुपयांच्या पिशवीत एक कप २५ रुपयांना पडतो, ४६० केली तर २९च्या आत. कॅफेत एका कपाला याच्या कितीतरी पट मोजणाऱ्या माणसाला चार रुपयांचे हे अंतर समजावून सांगता येते, फक्त ते पहिल्या दिवसापासून सांगितलेले हवे. ज्यांना एवढीही किंमत झेपणार नाही असे ग्राहक असतील आणि त्यांचा मला पूर्ण आदर आहे. पण त्यांना स्वस्त कॉफी देण्यासाठी घरातल्या एकाने फुकट राबावे, हा उपाय न्याय्य नाही आणि टिकाऊ तर नाहीच.

कच्च्या मालाच्या भावातली उलथापालथ पाहिली की हा मुद्दा आणखी ठळक होतो. २००१ साली न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली होती आणि जगभरचे लहान उत्पादक त्यात भरडले गेले. २०२५च्या फेब्रुवारीत तीच पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. अशा चढत्या भावात घरगुती रोस्टर काय करतो? पिशवीची किंमत वाढवायला कचरतो आणि फरक स्वतः सोसतो. म्हणजे ज्या मजुरीची नोंदच नव्हती, तिच्यातूनच कपात करतो. कपात दिसत नाही म्हणून निर्णयही होत नाही. मजुरी लिहिलेली असेल तर समोर स्पष्ट प्रश्न उभा राहतो: किंमत वाढवायची, लॉट लहान घ्यायचा, की या हंगामात मजुरी कमी घ्यायची? तिन्ही मार्ग योग्य असू शकतात, पण ते घराने बसून, जाणून निवडलेले असावेत. स्वतःचा मळा असून आता भाजून विकू पाहणाऱ्या चिकमगळूर-कोडगूच्या कुटुंबांनाही हेच लागू आहे. घरच्या बिया घराला फुकट पडत नाहीत. ज्या भावाने त्या क्युरिंग वर्क्समध्ये (टरफल काढून प्रतवारी करणाऱ्या कारखान्यात) किंवा व्यापाऱ्याकडे गेल्या असत्या, त्याच भावाने त्या रोस्टरीच्या खात्यात टाकल्या पाहिजेत. नाहीतर मळ्याचा नफा रोस्टरीचा तोटा झाकत राहतो.

कुटुंबाच्या धंद्याची खरी ताकद मी नाकारत नाही. तोंडी शब्दावर निर्णय होतात, एकाच मळ्याशी दहा वर्षे संबंध ठेवण्याइतका धीर असतो, चव पारखणारी जीभ नोकरी सोडून जात नाही आणि नफ्याची घाई करणारा गुंतवणूकदार डोक्यावर नसतो. स्पेशालिटी कॉफीला यातली प्रत्येक गोष्ट लागते, कारण चांगला मळा एका हंगामात घडत नाही आणि चांगला ग्राहकही नाही. पण हा धीर घरच्या माणसांच्या अंगात असतो आणि ती थकली की तो संपतो. म्हणून त्यांची मजुरी हा धंद्याचा पहिला खर्च आहे. उरले तर देऊ, असा तो शेवटचा नव्हे. जे या उद्योगात उतरत आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच: यंत्राची किंमत विचारण्याआधी, नाव आणि लेबल ठरवण्याआधी, वहीत घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आखा आणि तासाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवा. तो दर धरून येणारी किंमत ग्राहकाला सांगण्याची तुमची तयारी नसेल, तर धंदा अजून सुरू करू नका.